वस्तीवरचें घर : कडबा गुरांस, पाचट भिंतींस

सुगी उरकली, खळीं मोडलीं आणि ऊस कारखान्यास गेला, म्हणजे आमच्या सोलापूर जिल्ह्यांत बांधकामाचे दिवस सुरू होतात. पूर्वीं हे दिवस माळवदावर नवी माती चढविण्याचे असत. आतां सिमेंट व वाळूच्या गाड्या मळ्यांतल्या वाटांनीं धुरळा उडवीत येतात. गांवठाणांतील वाडे वांटण्यांत विभागले गेले. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या. पाणी व वीज शेतापर्यंत पोहोंचली. रात्रीं-अपरात्रीं मोटार चालू करण्यासाठीं दोन मैल चालत जाण्यापेक्षां मळ्यांतच राहिलेलें बरें, असें पुष्कळांस वाटूं लागलें आहे व तें साहजिक आहे. गांव सोडून वस्तीवर जाणें चांगलें कीं वाईट, हा वाद मी येथें उकरून काढीत नाहीं. वस्तीवर जें घर उभें राहावयाचें तें कसें असावें, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि ज्या बियाण्याचें पीक चार महिन्यांत निघून जातें त्याचा आपण जितका विचार करितों, त्याच्या चौथा हिस्साहि विचार आपण तीन पिढ्यांच्या घराचा करीत नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे.

ह्या नव्या घरांचा नमुना सर्वत्र एकच दिसतो. विटांच्या किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांच्या पातळ भिंती, वर चार-पांच इंच जाडीचा स्लॅब, समोर दोन खांब आणि बाहेरून भडक रंग. मार्गशीर्ष-पौषांत वास्तुशांत होते, तेव्हां सर्वांस घर आवडतें. परंतु चैत्र-वैशाखांत आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो, कधीं त्रेचाळीस-चव्वेचाळिसांस भिडतो. दिवसभर उन्हानें तापलेला स्लॅब सांज झाली म्हणून निवत नाहीं. दिवसां घेतलेली उष्णता तो रात्रभर खालीं सोडीत राहतो. ज्या घरांत आयुष्याची कमाई घातली त्या घराचा मालक उन्हाळ्याचे अडीच महिने लिंबाखालीं बाज टाकून निजतो. पण घरांतली बाळंतीण, तान्हें मूल, अंथरुणास खिळलेली म्हातारी, ह्यांनीं कोठें निजावें? घर पारखावयाचें असेल तर वैशाखांतल्या रात्रीं ह्या माणसांस विचारावें. वास्तुशांतीच्या पाहुण्यांस विचारूं नये.

हें सर्व पाहून आमच्या कांहीं तरुण बंधूंच्या मनांत काडाच्या गासड्यांच्या घराची कल्पना घोळूं लागली आहे. परदेशांत अशीं घरें आहेत, तीं उन्हाळ्यांत थंड व थंडींत उबदार राहतात, आणि त्यांचें साहित्य शेतांतलेंच असतें, असें त्यांनीं वाचलें आहे. वडीलधारी मंडळी ह्यावर हंसतात व म्हणतात, ‘गवताचें घर म्हणजे ऊसतोड्यांची कोपी, एका ठिणगीचें काम!’ माझ्या मतें दोन्ही पक्षांनीं थोडें थांबावें. हंसणाऱ्यांस वस्तु काय आहे हें ठाऊक नाहीं, आणि हुरळलेल्यांस आपला जिल्हा कोणता हें आठवत नाहीं.

प्रथम वस्तु काय तें पाहूं. अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत वाळूच्या टेकड्यांचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें जे वसाहतवाले आले त्यांस घरासाठीं लांकूड मिळेना, दगड मिळेना, आणि तेथील रेताड जमिनीचीं ढेकळेंहि टिकेनात. मुबलक होतें तें गवत. आणि गवताच्या गासड्या दाबून बांधणारीं यंत्रें नुकतींच आलीं होतीं. त्या लोकांनीं ह्या गासड्या विटांप्रमाणें सांधेमोड करून रचल्या, भिंती आंतून-बाहेरून लिंपल्या आणि वर हलकें छप्पर घातलें. बेयर्ड गांवाजवळ त्याच काळांत उभारलेली एक शाळा ही ह्या पद्धतीची पहिली माहीत असलेली इमारत समजतात. तिला गिलावा केलेला नव्हता व कुंपणहि नव्हतें. तेव्हां थोड्याच वर्षांत गुरांनीं ती खाऊन टाकली, असें सांगतात. (शाळा म्हशीनें खाल्ली ही सबब आपल्या मुलांस फार आवडेल!) उलटपक्षीं त्याच संस्थानांत आर्थर गांवीं सन १९२८ मध्यें बांधलेलें गासड्यांचें प्रार्थनामंदिर नीट गिलावा केलेलें असल्यामुळें आजहि उभें आहे. फ्रान्समध्यें माँतार्जी येथें सन १९२० मध्यें एमिल फय्येत नांवाच्या अभियंत्यानें लांकडी सांगाडा व काडाच्या गासड्या ह्यांचें एक राहतें घर बांधलें. त्यास शंभर वर्षें होऊन गेलीं तरी तें शाबूत आहे. अमेरिकेंत राहत्या घरांच्या बांधकामाची जी नमुना नियमावली आहे, तिच्या सन २०१५ च्या आवृत्तींत गासड्यांच्या भिंतींवर स्वतंत्र परिशिष्ट जोडलें गेलें. तेव्हां हा केवळ हौशी लोकांचा खेळ आहे असें म्हणतां येत नाहीं.

अशी भिंत सुमारें दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर जाड होते. घट्ट दाबलेल्या काडांत हवा कोंडलेली राहते, आणि त्यामुळें उष्णता आरपार जाण्यास अटकाव होतो. तेवढ्याच जाडीच्या विटांच्या भिंतीशीं तुलना केली तर उष्णतेचें वहन सुमारें दहापटींनीं कमी होतें. आगीविषयींची शंकाहि निम्मीच खरी आहे. सुटें गवत भडकतें. पण घट्ट गासडीच्या आंत हवा खेळत नाहीं, आणि दोन्ही अंगांनीं जाड गिलावा बसला म्हणजे ज्वाळेस वाट राहत नाहीं. अमेरिकेंतील सन २००६ च्या चांचण्यांत मातीचा गिलावा केलेली अशी भिंत एक तास व चुना-सिमेंटाचा गिलावा केलेली दोन तास आगीपुढें टिकली. आगीचें खरें भय असतें तें बांधकाम चालू असतांना, सुटें काड आवारांत पसरलेलें असतें तेव्हां. त्या वेळीं बिडी ओढणारा गवंडी हा सर्वांत मोठा शत्रु.

दुसरा शत्रु ओल. काडांतील पाण्याचा अंश वजनाच्या शेंकडा वीस टक्क्यांच्या आंत असावा लागतो. त्याहून अधिक ओल फार दिवस राहिली तर काड कुजूं लागतें. आपल्याकडे पावसाचें मान कमी. जिल्ह्याची सरासरी साडेपांचशें मिलिमीटरच्या आसपास, आणि तोहि मुख्यतः भाद्रपद-आश्विनांत. वर्षांतले आठ महिने हवा कोरडी. कोंकणांत किंवा मावळांत मी ह्या पद्धतीचें नांवहि काढलें नसतें. सोलापूर, सांगोलें, मंगळवेढें, अक्कलकोट ह्या भागांस ती हवेच्या दृष्टीनें मानवण्यासारखी आहे.

इतकें सांगितल्यावर तरुण बंधूंस वाटेल कीं मी त्यांच्या बाजूचा झालों. पण आतां माझी हरकत ऐका. ‘काड’ म्हणजे आपल्याकडे काय? नेब्रास्कांत गवत अमाप आणि माणूस विरळ. आपल्याकडे काड म्हणतांच पहिलें नांव येतें तें कडब्याचें. आपला जिल्हा रब्बी जोंधळ्याचा. मंगळवेढ्याची काळी रानें जोंधळ्याचें कोठार म्हणून प्रसिद्ध आहेत. मोहोळच्या संशोधन केंद्रांत निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात आज इतकीं वर्षें शेतकऱ्यानें सोडली नाहीं, त्याचें कारण निव्वळ भाकरीची गोडी नव्हे. तिचा कडबा उंच, गोड व पानाळ असतो, हेंहि तितकेंच मोठें कारण आहे. कित्येक वर्षीं दाण्यानें खर्च निघत नाहीं, पण कडब्याच्या शेंकड्यानें घर सांवरतें. जो कडबा धान्याच्या बरोबरीनें विकतो तो भिंतींत चिणून ठेवणें म्हणजे पेंढीवर गिलावा करून तिला कायमची कुलपांत घालणें होय.

थोडा हिशेब मांडतों. आंतून चार मीटर रुंद, पांच मीटर लांब व पावणेतीन मीटर उंच अशी एक खोली धरा. दीड फूट जाडीच्या भिंती, दारें-खिडक्या वजा जातां, सुमारें एकवीस घनमीटर भरतात. नीट दाबलेल्या गासडीचें वजन घनमीटरास शंभर ते एकशेंदहा किलो धरलें तर एका खोलीस सव्वादोन टनांच्या आसपास काड लागतें. एका बैलास दिवसां आठ किलो सुकी वैरण धरली तर ही एका बैलजोडीची साडेचार-पांच महिन्यांची वैरण झाली. चार खोल्यांचें घर बांधणारानें गुरांच्या तोंडून किती काढलें, ह्याचा हिशेब ज्यानें-त्यानें करावा. ज्यांनीं सन १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे त्यांस सांगण्याची जरुरी नाहीं. आणि ज्यांनीं तो पाहिला नाहीं त्यांनीं सन २०१२-१३ मध्यें सांगोल्याकडील छावण्यांत दावणीला बांधलेलीं गुरें तरी पाहिलीं असतील. अशा वर्षीं मालकानें भिंतीकडे पाहावें आणि गाईनेंहि भिंतीकडेच पाहावें, हा प्रसंग मला नको आहे. कडब्याचें घर ह्या जिल्ह्यांत बांधूं नये, असें माझें ठाम मत आहे. गव्हाच्या व तुरीच्या भुसकटाचेंहि तेंच. शिवाय तें मळणींत बारीक होतें व गासडींत धरत नाहीं.

मग काय उरतें? उरतें पाचट. उजनीचें पाणी सन १९८० नंतर रानांत खेळूं लागल्यापासून जिल्ह्याचें रूप पालटलें. तीसहून अधिक साखर कारखाने ह्या एका जिल्ह्यांत उभे राहिले. कोरडवाहू जोंधळ्याच्या मुलखानें इतका ऊस लावावा कीं काय ह्याविषयीं माझीं मतें निराळीं आहेत व तीं ह्याच मासिकांत केव्हां तरी मांडीन. पण ऊस आहे, आणि उसाबरोबर पाचट आहे. वाढीं गुरांस जातात. वाळलेल्या पाचटास मात्र गुरूं तोंड लावीत नाहीं. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतें, आणि आपल्यांतले कितीतरी बंधु फड रिकामा होतांच त्याला काडी लावून मोकळे होतात. त्या धुरांत शेंकडा अर्धा टक्का नत्र व तीस-चाळीस टक्के सेंद्रिय कर्ब उडून जातो, वरच्या थरांतले जीवजंतु होरपळतात, आणि एखादे वेळीं शेजाऱ्याचा उभा फडहि जातो.

येथें शेतकी खात्याचे जाणकार मला अडवतील व म्हणतील, ‘पाचट जाळूं नका हें बरोबर; पण तें भिंतींत कशाला? खोडव्याच्या सरींत आच्छादन म्हणून पसरा, ओल टिकेल, तण दबेल, जमीन सुधारेल.’ त्यांचें म्हणणें शंभर टक्के खरें आहे, आणि पाचटाचा पहिला हक्क जमिनीचाच हें मी मान्य करितों. पण वरचा हिशेब पुन्हां पाहा. एका खोलीस सव्वादोन-अडीच टन पाचट म्हणजे पंचवीस-तीस गुंठ्यांचें पाचट. सामायिक भिंती धरल्या तर चार खोल्यांच्या घरास एका हेक्टराच्या पाचटाहून अधिक लागूं नये. जमीन हें दान एकदांच देते. पुढच्या वर्षींचें पाचट पुन्हां तिचेंच. पन्नास वर्षांच्या घरासाठीं एका हेक्टराचें एका वर्षाचें आच्छादन, हा सौदा मला महाग वाटत नाहीं. कडब्याचें दान मात्र दुष्काळांत परत मागतां येत नाहीं. हाच दोहोंतला फरक.

आतां ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहावयास घेतला ती सांगतों. हवा थंड ठेवणारें घर आपल्या आजोबांस बांधतां येत नव्हतें असें नाहीं. माळवद हें त्याच विद्येचें फळ. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. आंत सागाचे किंवा बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा कडीपाट, त्यावर निरगुडीच्या फांद्या नाहींतर तुराट्या, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर. वैशाखांत भर दुपारीं माळवदाच्या घरांत पाऊल टाकलें कीं डोळ्यांवर थंड हात ठेवल्यासारखें वाटे. ज्यांचें बालपण अशा घरांत गेलें ते आजहि त्याची आठवण काढून स्लॅबास शिव्या देतात. आणि कांहींजण पुन्हां तसेंच घर बांधण्याच्या गोष्टी करितात. त्यांस मी हात जोडून सांगतों : किल्लारी विसरूं नका.

सन १९९३ च्या सप्टेंबरांत अनंत चतुर्दशीला गणपति बोळवून लोक दमून झोंपले होते. त्याच रात्रीच्या शेवटीं, ३० सप्टेंबरच्या पहांटे चारच्या सुमारास, लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवर धरणी हालली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, जगांत असे धक्के दरवर्षीं कितीतरी होतात व पुष्कळ ठिकाणीं माणसेंहि मरत नाहींत. येथें सुमारें दहा हजार माणसें गेलीं. किल्लारी, सास्तूर व भोंवतालच्या गांवांत घरेंच घरांतल्या माणसांवर पडलीं. सोलापुरापासून तें ठिकाण सरळ रेषेंत शंभर किलोमीटरहि नाहीं; धक्का आपल्याकडेहि बसला, आणि आपल्याकडच्या घरांची घडण तिकडच्याहून रतिभर निराळी नव्हती.

दोष कोठें होता हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण माळवद गळूं लागलें कीं ज्येष्ठांत आणखी एक मातीचा थर चढवावा ही आपली जुनी रीत, आणि जुना थर खरडून काढण्याचे कष्ट कोणी घेत नसे. अशा रीतीनें फुटाचे दोन फूट होत. एक फूट जाडीची माती चौरस मीटरास पाउणेपांचशें किलोंहून कमी भरत नाहीं. म्हणजे वर धरलेल्या चार-पांच मीटरांच्या खोलीवर नऊ-दहा टन, आणि दोन फुटांचा थर असेल तर त्याच्या दुप्पट वजन माणसांच्या डोक्यावर टांगलेलें असे. खालच्या भिंती गोट्यांच्या, दोन अंगांनीं रचलेल्या, मध्यें चिखल व कपच्या. दोन्ही अंगांस बांधणारा आरपार दगड नाहीं. धक्का बसतांच भिंतीचीं दोन्ही अंगें फांकून सुटलीं. जेथें जुन्या पद्धतीचे खण पुरे होते, म्हणजे छताचा भार भिंतीवर नसून लांकडी खांबांवर होता, तेथें भिंती ढासळूनहि कित्येक ठिकाणीं छत खांबांवर तोललेलें राहिलें आणि खालचीं माणसें वांचलीं. पुढें सागवान महाग झाला, लोकांनीं खांब वगळले व तुळया सरळ भिंतींत खुपसल्या. त्या काटकसरीची किंमत फार मोठी द्यावी लागली.

नंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं; सरळ रस्ते, सुटे भूखंड, सिमेंटचीं घरें. माणूस दगडास भिऊं लागला होता व त्याचें भय खोटें नव्हतें. परंतु तेव्हांपासून आपल्या सबंध मुलखांत अशी समजूत रुजली कीं सुरक्षित घर म्हणजे स्लॅबाचें घर व तापणें हा त्याचा धर्मच आहे. थंड घर जीव घेतें आणि सुरक्षित घर भाजून काढतें, ह्या दोहोंतून एक पत्करावें लागतें असें आपण धरून चाललों आहों. हें धरणें मला चुकीचें वाटतें.

गासडीच्या भिंतीचा खरा गुण येथें आहे. तेवढ्याच जाडीच्या दगडी भिंतीच्या वीसाव्या हिश्शानेंहि काडाचें वजन भरत नाहीं; गिलावा धरला तरी ती भिंत पुष्कळ हलकी राहते. ती लवते, फांकून अंगावर येत नाहीं. सन २००५ च्या मोठ्या भूकंपानंतर पाकिस्तानच्या उत्तर भागांत काडाच्या गासड्यांचीं कांहीं लहान घरें बांधलीं गेलीं. त्या नमुन्याचें एक पुरें घर सन २००९ मध्यें अमेरिकेंत नेव्हाडा विद्यापीठांत हालत्या चौथऱ्यावर ठेवून जोरजोरानें हालवून पाहिलें. तें पडलें नाहीं. आपणांस विशेष घेण्यासारखी गोष्ट ही कीं, तेथें गासड्या मोठ्या यंत्रावर बांधल्या नव्हत्या. लोखंडी पेटींत काड भरून हातानें चालविण्याच्या दाबयंत्रानें त्या केल्या होत्या. असली पेटी आपल्या तालुक्याच्या गांवचा कोणताहि लोहार करून देईल. आपल्याकडे कांहीं ठिकाणीं ट्रॅक्टरला जोडून पाचटाच्या गासड्या बांधणारीं यंत्रें आलीं आहेत; तीं मिळालीं तर उत्तमच.

तथापि एक भेद ध्यानांत ठेवावा. शंभर वर्षांचा जो अनुभव वर सांगितला तो गवताचा व गव्हा-भाताच्या काडाचा आहे. पाचट हें पान आहे, नळी नव्हे. तें निसरतें व दबतें. म्हणून पाचटाच्या गासड्यांवर छप्पर टेकवूं नये. छपराचा भार खांबांनीं घ्यावा, आणि गासड्यांनीं फक्त खांबांमधली जागा भरावी. म्हणजे आपल्या जुन्या खणाचीच पद्धत, जी किल्लारीस कित्येकांचे प्राण वांचवून गेली. सागवान परवडत नसेल तर लोखंडी नळ्यांचे किंवा सिमेंटचे खांब घ्यावे, आणि वरच्या अंगास सर्व खांब एकमेकांस नीट जखडावे. खांबांमध्यें तिरक्या ताणा अवश्य द्याव्या. ताणांवांचून चौकट म्हणजे चार पायांची डुगडुगती बाज.

पाया ही आपल्याकडची दुसरी कटकट. काळी जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वस्तीसाठीं शक्य तोंवर माळरानाचा, मुरुमाचा तुकडा निवडावा. काळ्या रानांतच बांधणें प्राप्त असेल तर मुरूम लागेपर्यंत खोदावें. जोतें निदान दोन फूट उंच, काळ्या दगडाचें, वर सिमेंटचा अखंड पट्टा व त्यावर डांबराचा कागद असावा, म्हणजे खालची ओल गासडीस शिवणार नाहीं. वाळवीस पाचट फार प्रिय आहे. तेव्हां जोत्याभोंवतीं तिच्या मातीच्या नळ्या चढतात कीं काय हें वर्षांतून चार वेळां पाहावें, आणि जोत्यास टेकून लांकडें किंवा शेणी रचूं नयेत. उंदीर-घुशींचें भय कडब्यापेक्षां पाचटांत कमी, कारण त्यांत दाणा नसतो. पण गिलाव्यास भोंक पडलें कीं तें त्याच दिवशीं बुजवावें.

गिलावा सिमेंटचा करूं नये. सिमेंटास तडे जातात, तड्यांतून पाणी आंत शिरतें, आणि शिरलेलें पाणी सिमेंट सहजासहजीं बाहेर पडूं देत नाहीं. पांढरी माती, बारीक भुसा व शेण ह्यांचा चिखल आठ-दहा दिवस कुजवून त्याचे दोन हात द्यावे. बाहेरच्या अंगास वर चुन्याचा हात द्यावा. हें काम आपल्या घरांतल्या बायांस गवंड्यापेक्षां अधिक चांगलें येतें, आणि त्यांच्याकडून तें शिकून घेण्यास पुरुषांनीं लाजूं नये.

छपरावर माती घालूं नये. ही गोष्ट मी पुन्हां पुन्हां सांगेन. मंगळुरी कौलें किंवा पत्रा घालावा, आणि त्याखालीं फूटभर जागा सोडून फळ्यांची किंवा चटईची तक्तपोशी करून वर चिखलांत घोळलेल्या पाचटाचा हलका थर द्यावा. पत्रा तापला तरी मधली हवा व हा थर उष्णता खालीं येऊं देत नाहीं. पाखें भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट यावें, म्हणजे तिरका पाऊस गिलाव्यावर येणार नाहीं. वळवाच्या वादळांत पत्रे उडून माणसें दगावल्याच्या बातम्या आपण दरसाल वाचतों. म्हणून छप्पर खांबांस व खांब पायांत, असें सर्व एकांत एक बांधलेलें असावें. वर धोंडे ठेवून भागत नाहीं.

हें घर कोठें बांधूं नये, तेंहि सांगितलें पाहिजे. सन २०२० च्या आक्टोबरांत आणि पुन्हां सन २०२५ च्या सप्टेंबरांत जें झालें तें ताजें आहे. सीनेच्या व भीमेच्या कांठच्या ज्या वस्त्यांत पाणी शिरलें तेथें ही भिंत निरुपयोगी. पक्की भिंत पुरानंतर धुऊन घेतां येते. गासडीची भिंत दोन दिवस पाण्यांत उभी राहिली तर आंतून कुजली म्हणून समजावें. ज्यांच्या रानांत पन्नास वर्षांत एकदांहि पुराचें पाणी आलें असेल त्यांनीं हा नाद सोडावा.

आक्षेप आणखी आहेत व ते हलके नाहींत. कर्ज देणारे अशा घरास तारण म्हणून कितपत मान देतील ह्याची मला शंका आहे. तेव्हां ज्यांस सबंध घर कर्जावर बांधावयाचें आहे त्यांनीं अगोदर चौकशी करावी. मातीच्या घरांस भूकंपांतून वांचविण्यासाठीं सन १९९३ पासून भारतीय मानक, आय. एस. १३८२७, अस्तित्वांत आहे, तें ज्यास दाखवितां येईल असा अभियंता शोधावा. गवंड्याच्या ‘आम्हीं अशीं शंभर बांधलीं’ ह्या बोलण्यावर जाऊं नये, कारण हीं त्यानें बांधलेलीं नाहींत. आणि सर्वांत मोठा आक्षेप कागदावर कोणी मांडत नाहीं तो असा, कीं मुलगी देणारे पाहुणे पाचटाचें घर पाहून काय म्हणतील? ह्याला माझ्याजवळ युक्तिवाद नाहीं. एवढेंच म्हणेन कीं, गिलावा व रंग झाल्यावर भिंतीच्या पोटांत काय आहे हें पाहुण्यास सांगितल्याशिवाय कळत नाहीं, आणि पाहुणा वैशाखांत आला तर तो स्वतःच विचारील.

माझा आग्रह सबंध घराचा नाहीं. प्रथम कोणीहि एकच खोली बांधावी. ती स्लॅबाच्या घरापासून दहा-वीस हातांवर असावी, म्हणजे दोहोंची तुलना करतां येईल. दोन्ही ठिकाणीं भिंतीवर एकेक उष्णतामापक टांगावा, आणि चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून मृग लागेपर्यंत दुपारीं तीन वाजतां व रात्रीं दहा वाजतां आंकडे लिहून ठेवावे. पावसाळा संपल्यावर भिंतीस एके ठिकाणीं बोटभर भोंक पाडून आंतलें पाचट ओलें आहे कीं कोरडें तें पाहावें व भोंक पुन्हां लिंपावें. अशीं दोन वर्षें गेल्यावर मग चार खोल्यांचा विचार.

मीं स्वतः आमच्या वस्तीवर अशा एका खोलीचें जोतें ह्या महिन्यांत बांधून घेतलें आहे. मुरूम चार हातांवरच लागला हें नशीब. लोखंडी पेटी लोहाराकडे टाकली आहे. ऊस माघांत तुटेल, तेव्हां तीस गुंठ्यांचें पाचट बाजूस काढून ठेवावयाचें आणि बाकीचें खोडव्यांत पसरावयाचें, असें ठरलें आहे. पाण्याचीं दोन पिंपें आतांपासूनच जोत्याशेजारीं आणून ठेविलीं आहेत, आणि गवंड्यास बिडीविषयींची अट अगोदरच सांगितली आहे. ती त्याला फारशी रुचलेली दिसली नाहीं.